क्रशर म्हणजे काय? आधी बघा, आत काय गेलं आणि बाहेर काय आलं

मालवणच्या एका ताईंचा प्रश्न आहे. भाषांतराची कामं त्यांनी नुकतीच हातात घेतली आणि एकाच आठवड्यात ‘क्रशर’ हा शब्द त्यांना तीन कागदांवर भेटला. पहिला कागद म्हणजे खडीच्या मशीनचं इंग्रजी माहितीपुस्तक. दुसरी एक जुनी इंग्रजी गोष्ट. तिच्यात लढाऊ जहाजावरचा खलाशी ‘क्रशर आला’ असं ऐकून दारूची बाटली लपवतो. तिसरी, आपल्या किनाऱ्यावर येणाऱ्या पर्यटकांसाठीची पुस्तिका. तिच्यात लॉब्स्टरच्या ‘क्रशर क्लॉ’चं वर्णन आहे. कोशात त्यांना ‘चिरडणारा’ एवढाच अर्थ मिळाला आणि तो तिन्हीकडे बसेना. तर काय लिहावं?

ताई, मी सहा वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात एका क्रशरवर फिटर होतो आणि त्यानंतर बावीस वर्षं मशीनची पुस्तकं नि कोर्टाचे कागद मराठीत आणतो आहे. त्यामुळे या शब्दाशी माझी दोन्ही अंगांनी ओळख आहे. ‘चिरडणारा’ हा अर्थ चुकीचा नाही, पण तो कामाचा नाही. इंग्रजीत एखाद्या क्रियेला ‘अर’ हे शेपूट लावलं की तिच्यातून मशीनही होतं, माणूसही होतो, टोपीही होते आणि खेकड्याचा डेंगाही होतो. मराठी तसं करत नाही. आपण वस्तूला तिचं तिचं नाव देतो. उसाचा तो चरक, तेलाचा तो घाणा, भाताचं ते घिरट, मिरचीचा तो खलबत्ता. इंग्रजीला या सगळ्यांना ‘क्रशर’ म्हणता येतं. म्हणून हा शब्द दिसला की मी कोश उघडायच्या आधी दोन गोष्टी विचारतो: आत काय गेलं, आणि बाहेर काय आलं?

खडीपासून सुरू करतो, कारण आपल्याकडे ‘क्रशर’ नुसता म्हटला की तोच. राजापुरात कुणाला विचारा, कणकवलीत विचारा, दुसरं काही कुणाच्या मनात येणार नाही. शिवाय हा शब्द आता फक्त मशीनचा राहिलेला नाही, तो जागेचा झाला आहे. ‘झील खंय असा?’ ‘क्रशरार.’ म्हणजे मुलगा तिथे कामाला आहे. ‘क्रशरच्या पुढं पहिलं डावं वळण’ ही वाट सांगायची रीत झाली आहे. मशीन उचलून नेऊन वर्षं झाली तरी त्या वळणाचं नाव तेच राहतं. आधी कोकण रेल्वे आली, रुळाखाली खडी लागली. मग मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण आलं. त्या कामांच्या मागोमाग हा शब्द गावागावांत पोचला आणि पक्का मराठी झाला. तो आता बदलू नका. ‘दगड चिरडण्याचे यंत्र’ असं लिहिलेलं कागद वाचणाऱ्याला परकं वाटतं. सरकारी कागदातसुद्धा ‘खडी क्रशर’ किंवा ‘स्टोन क्रशर’ असंच येतं, आणि ज्या दगडातून ती खडी होते त्याला ‘गौण खनिज’ म्हणतात.

इथे एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवा. आपल्या लाल जांभ्याचे चिरे काढतात, तो क्रशरमध्ये घालत नाहीत. जांभा भोकाभोकांचा, पाणी पिणारा. काँक्रीटची खडी काळ्या दगडाची लागते. म्हणून चिरेखाण वेगळी आणि क्रशरची काळ्या दगडाची खाण वेगळी. इंग्रजी कागदात दोन्हींना ‘क्वारी’ म्हणतील. तुम्ही मात्र वाक्यात चिरे आहेत की खडी आहे ते बघून लिहा.

आता मशीनच्या आत. तुमच्या पुस्तकात बहुधा ‘जॉ क्रशर’ आहे. या रचनेचं पेटंट 1858 साली अमेरिकेत ईलाय व्हिटनी ब्लेक याने घेतलं आणि मूळ कल्पना आजही तीच आहे. दोन जाड पोलादी प्लेटा इंग्रजी ‘व्ही’सारख्या उभ्या असतात, वर रुंद, खाली अरुंद. एक जागची हलत नाही, दुसरी पुढेमागे होते. दगड वरून पडतो, दोघींच्या मध्ये दाबला जातो, तुटतो, थोडा खाली सरकतो, पुन्हा दाबला जातो. खालच्या फटीतून मावेल एवढा झाला की माल वाहून नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर पडतो. फट जेवढी ठेवाल तेवढी खडी मोठी. मग चाळणीवर चाळीस, वीस, बारा, सहा एमएम असे वेगळे ढीग होतात आणि उरते ती भुकटी. कामावर आम्ही ‘जबडा’ही म्हणायचो आणि ‘जॉ’ही म्हणायचो. ‘जॉ जाम झाला’ असं म्हटलं की सगळे धावायचे. दोन्ही शब्द चालतील, फक्त एका पुस्तकात एकच धरा.

यात कुठे काही ‘दळलं’ गेलं नाही, हे बघा. माझ्या हातात पहिलं पुस्तक आलं तेव्हा मी क्रशरला ‘दळणयंत्र’ लिहिलं होतं. ज्या फिटरला वाचायला दिलं त्याने पहिल्याच पानावर बोट ठेवलं आणि म्हणाला, ‘दळतात ती चक्कीत. हा भरडतो.’ त्या एका वाक्याने मला जे शिकवलं ते कोशाने शिकवलं नव्हतं. इंजिनिअरिंगमध्ये क्रशिंग आणि ग्राइंडिंग या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिलीत मोठ्याचं लहान होतं, दुसरीत लहानाचं पीठ. मराठीत हाच फरक घराघरांत बोलला जातो: भरडणं आणि दळणं. डाळ भरडली तर कण राहतात, दळली तर पीठ होतं. आपल्या आज्या घिरटावर भात भरडायच्या, त्यात दाणा मोडू न देता टरफल सोडवायचं असे. आजही धान गिरणीतून तांदूळ करून घेण्याला सरकारी भाषेत ‘भरडाई’च म्हणतात. तेव्हा पुस्तकात क्रियापद लागेल तिथे बेलाशक ‘भरडणे’ किंवा ‘फोडणे’ वापरा. ‘प्रायमरी क्रशिंग’ला ‘पहिली फोड’ लिहिलं तर क्रशरवरच्या माणसाला लगेच कळतं. आणि मालवणात भरड नाक्यावरून तुम्ही रोज जात असाल, पण तिथलं ‘भरड’ म्हणजे उंचावरची खडकाळ, वरकस जमीन, हे काम नव्हे. त्याची सरमिसळ करू नका.

पुस्तकात सगळ्यात जपून करायची जागा म्हणजे सूचनांचं पान. जबड्याच्या मागे ‘टॉगल प्लेट’ नावाचा एक तुकडा असतो. तो जाणूनबुजून कमजोर ठेवलेला असतो. पोकलेनच्या बकेटचा दात तुटून दगडांबरोबर आत गेला तर जबडा तो फोडू शकत नाही. अशा वेळी मुख्य मशीन वाचावं म्हणून आधी हा तुकडा मोडतो. एका भाषांतरात मी ‘टॉगल प्लेट मजबूत असल्याची खात्री करा’ असं वाचलं आहे. मूळ इंग्रजीत ‘कंपनीने दिलेलीच टॉगल प्लेट बसवा’ असं होतं. कुणी त्या मराठी ओळीवर विश्वासून जाड पत्रा वेल्डिंग करून बसवला असता तर जबडाच फाटला असता, आणि जवळ उभा असलेला माणूसही वाचला नसता.

जाम झालेला दगड काढण्याची सूचनाही अशीच. इंग्रजी वाक्यं लांब आणि कर्मणी असतात: ‘अडथळा दूर केला जाण्यापूर्वी वीजपुरवठा खंडित केला गेला असल्याची...’ हे कुणी वाचणार नाही. असं लिहा: ‘जबड्यात दगड अडकला तर आधी मेन स्विच बंद करा. कुलूप लावा, चावी स्वतःच्या खिशात ठेवा. चाक पूर्ण थांबेपर्यंत थांबा. जबड्यावर वाकून पहार घालू नका. मशीन बंद असली तरी दाबात अडकलेला दगड सुटून वर उडतो.’ मी तो दगड उडताना पाहिला आहे. माणूस दोन हात बाजूला होता म्हणून वाचला. शेवटचं वाक्य मूळ पुस्तकात बारीक अक्षरांत असेल तर तुम्ही ते ठळक करायला सांगा, तेवढा हक्क भाषांतर करणाऱ्याला आहे.

‘चिरडणं’ या शब्दाबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण तिथे मी स्वतः ठेच खाल्ली आहे. एका कामगाराचा हात पट्ट्याच्या रोलरमध्ये गेला होता. दवाखान्याच्या इंग्रजी कागदावर ‘क्रश इंज्युरी’ होतं. मी ‘हात चिरडला’ असं लिहून दिलं. भरपाईच्या कामात समोरच्या बाजूने प्रश्न आला, हातावरून गाडी गेली होती का? कारण मराठीत ‘चिरडला’ म्हटलं की चाकाखाली, नाहीतर पायाखाली. खुलासा देऊन कागद पुन्हा जाईपर्यंत दोन तारखा गेल्या आणि त्या माणसाच्या घरी त्या काळात पैसा आला नाही. तेव्हापासून मी शब्द तोलून वापरतो. गाडीखाली चिरडतात. गर्दीत चेंगरतात, म्हणूनच चेंगराचेंगरी. दगडाखाली किंवा दारात बोट चेचतं, चेमटतं. फूल चुरगळतं, पापड चुरतो, लसूण ठेचतो. इंग्रजीत या सगळ्याला ‘क्रश’ चालतो. रोलरमध्ये गेलेल्या हाताला आज मी ‘रोलर आणि पट्टा यांच्यात सापडून हात चेचला’ असं लिहितो, वाक्य लांबलं तरी चालेल.

साखरेच्या कागदात हाच शब्द आला तर पूर्ण वेगळी वाट. क्रशिंग म्हणजे तिथे ‘गाळप’ आणि क्रशिंग सीझन म्हणजे ‘गळीत हंगाम’. कोकणात उसाचं पीक थोडं. वैभववाडीकडचा ऊस करूळ घाट चढून वर जातो. पण घाटावरच्या कारखान्यांचे कागद आपल्याकडेही येतात. ‘ऊस चिरडण्याची क्षमता’ असं लिहिलंत तर घाटावरचा माणूस कागद परत पाठवील. मराठीचं लक्ष इथे उसाच्या हालावर नाही, निघणाऱ्या रसावर आहे, म्हणून ‘गाळणं’. काजूच्या बोंडूचंही तसंच आहे. दोडामार्गाकडे आणि गोव्यात बोंडू पूर्वी पायांनी तुडवून रस काढत, आता बऱ्याच ठिकाणी मोटरवरचा क्रशर आला आहे. त्यातून निघणाऱ्या रसाचं, निरोचं, नाव मात्र मशीनने बदललं नाही.

बंदरावर आणखी एक क्रशर आहे, बर्फाचा. हर्णैला किंवा मिरकरवाड्याला पहाटे उभे राहा. बर्फाची अख्खी लादी मशीनच्या तोंडात ढकलतात, आत काट्यांचा रूळ फिरत असतो, आणि चुरा पन्हाळीतून बोटीच्या खणात कोसळतो. खलाशी, तांडेल सगळे ‘क्रशर’च म्हणतात, त्याला दुसरं नाव शोधू नका. बाटल्या चपट्या करणारी मशीन रेल्वे स्टेशनांवर असते, गोळ्या कुटायचं छोटं भांडं रुग्णाच्या उशाशी असतं. ही नावं संदर्भाने लागतात, त्यावर वेळ घालवायला नको. फक्त ‘आंबा क्रश’ हा ‘क्रशर’चा भाऊ समजू नका. ते सरबताच्या कुळातलं, स्क्वॅशपेक्षा जास्त साखरेचं घट्ट पेय आहे. आणि पोरं ‘तो माझा क्रश’ म्हणतात ते तर आणखी वेगळं. मनातल्या मनात जडलेल्या ओढीला इंग्रजीत एकोणिसाव्या शतकापासून ‘क्रश’ म्हणतात. आपल्याकडे तो शब्द आहे तसाच रुळला आहे, त्याच्यापुढे ‘र’ लागत नाही.

आता बोलीभाषेतले इंग्रजी अर्थ. खेळात हा शब्द ताकदीचा. क्रिकेटमध्ये ‘टो-क्रशर’ म्हणजे फलंदाजाच्या पायाच्या बोटांवर येणारा वेगवान यॉर्कर. लसिथ मलिंगाचे चेंडू ज्यांनी पाहिले त्यांना समजावून सांगायला नको. 2007 च्या विश्वचषकात त्याने दक्षिण आफ्रिकेचे चार गडी लागोपाठच्या चार चेंडूंवर घेतले होते. आपल्याकडे जानेवारीपासून टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात, तिथला समालोचक ‘बुंध्यात घातला’ म्हणतो. मी भाषांतरात ‘बुंध्यातला यॉर्कर’ लिहितो, शब्द मैदानावरचाच आहे. कडे चढणारे लोक तरबेज गिर्यारोहकाला ‘क्रशर’ म्हणतात, पत्त्यांच्या जुगारात सतत जिंकणाऱ्यालाही तेच. तिथे ‘पक्का’, ‘दादा’, ‘वस्ताद’ असं वाक्याच्या तोलाने घ्या. सडेतोड, समोरच्याची बोलती बंद करणाऱ्या उत्तरालाही जुन्या इंग्रजीत ‘क्रशर’ म्हणत. आपण म्हणतो ‘दातखीळ बसवणारं उत्तर’. घडी घालून खिशात कोंबता येणाऱ्या मऊ टोपीचंही हेच नाव होतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन वैमानिक कानावर हेडफोन बसावेत म्हणून टोपीतली ताठ कडी काढून टाकत, त्या चेपलेल्या टोपीलाही ‘क्रशर’ म्हणत.

तुमच्या गोष्टीतला खलाशी कुणाला घाबरला ते आता सांगतो. लंडनमध्ये 1829 साली नवं पोलीस दल उभं राहिलं आणि पुढच्या काही वर्षांत रस्त्यावरच्या बोलीत पोलिसाला ‘क्रशर’ म्हणायला लागले. तिथून तो शब्द ब्रिटिश नौदलात चढला. जहाजावर शिस्त राखणारा जो शिपाई, त्याचं ते टोपणनाव. त्यांच्या वरच्या अधिकाऱ्याला खलाशी ‘जॉन्टी’ म्हणत. म्हणजे हा शब्द अधिकृत पदाचा नाही, पाठीमागे दबक्या आवाजात म्हणायचा आहे. म्हणून ‘नौदल पोलीस अधिकारी’ लिहिलंत तर अर्थ बरोबर येईल, पण गोष्ट मरेल. तो खलाशी बाटली लपवताना पदाचं नाव घेणार नाही. ‘पांडू’ हा आपला शब्द तोंडात येतो, पण त्याला मुंबईच्या रस्त्याचा वास आहे, ब्रिटिश जहाजावर तो बसत नाही. मी तिथे ‘हवालदार’ घेतला असता आणि सूर बोलण्यात आणला असता: ‘हवालदार आला रे, दडव ती!’ पहिल्यांदा येईल तिथे निवेदनात एक अर्धं वाक्य घाला, की जहाजावर शिस्तीच्या या माणसाला सगळे मागे क्रशर म्हणत. मग पुढे ‘क्रशर’ ठेवलात तरी वाचणारा अडणार नाही, आणि आपल्या वाचकाच्या डोळ्यांपुढे खडीची मशीन उभी राहणार नाही.

राहिला लॉब्स्टर. इथे माझं म्हणणं जरा ठाम आहे. अटलांटिकच्या थंड पाण्यातल्या लॉब्स्टरला दोन मोठे डेंगे असतात आणि ते सारखे नसतात. एक जाड, बोथट दाढांचा, तो शिंपले फोडतो. त्यालाच ‘क्रशर क्लॉ’ म्हणतात. दुसरा बारीक, धारदार, तो कापतो. पिल्लू असताना दोन्ही सारखेच असतात आणि ज्या बाजूने ते जास्त काम करतं त्या बाजूचा फोडणारा बनतो. पण आपल्या किनाऱ्यावर लॉब्स्टर म्हणून जाळ्यात येते ती शेवंड. तिला मोठे डेंगे नसतातच, पुढे असतात त्या काटेरी लांबलचक मिशा. पुस्तिका लिहिणाऱ्याने कुठल्या तरी परदेशी लॉब्स्टरचं वर्णन उचलून आपल्या शेवंडीला चिकटवलेलं दिसतंय. ते नुसतं भाषांतर करून पुढे सरकू नका, काम देणाऱ्याला फोन करून सांगा.

‘क्रशर क्लॉ’ दाखवायचाच असेल तर खाडीतला मोठा खेकडा, म्हणजे चिंबोरी किंवा कुर्ली, दाखवता येईल. बाजारातून मोठी कुर्ली आणा आणि दोन्ही डेंगे शेजारी धरा. बहुतेक वेळा उजवा डेंगा भारी निघतो. आतल्या कडेवर दाढेसारखे गोल उंचवटे असतात आणि वापरून ते गुळगुळीत झालेले असतात. डाव्याचे दात टोकदार, एकात एक बसणारे. उजव्याने ती कालवाचं कवच फोडते, डाव्याने मांस तोडते. मराठीत त्याला मी ‘फोडणारा डेंगा’ आणि ‘कापणारा डेंगा’ म्हणेन. तुमच्या पुस्तिकेतल्या लॉब्स्टरच्या पानावर फोटो असेल तर आधी तो बघा. लांब मिशा आणि पुढे डेंगे नाहीत, तर ती शेवंड. मग तो अख्खा परिच्छेदच काढायला लावा आणि त्या जागी शेवंडीच्या मिशांवर चार ओळी मागून घ्या.